नात्यात नसलेला माणूस

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझी गुडघेदुखी आणि भाऊजींचा राग, दोन्ही उतारावर असतील असं धरून चालतो. माझं बरं आहे, म्हणजे परवापर्यंत होतं.

सरकारने जंगल आपल्या लोकांना परत दिलं, तेव्हा नियमही आपणच केले. बाहेरचे साहेब नकोत, कारभारी आपला, आणि वर्षातून एकदा भरसभेत त्याला जाब विचारायचा. विचारणारा मात्र त्याच्या नात्यातला नसावा. नियम चोख, पण इथे जो तो एकमेकांचा साडू, मेहुणा नाहीतर चुलता. शोधता शोधता उरलो मी. पलीकडच्या वस्तीतून शिवणकामाला आलो आणि लग्न राहून गेलं (त्यावरून तू मला कमी का बोललीस), ते असं कामी आलं. विचारायचं एवढंच, की शाळेच्या छपरासाठी आपल्या जंगलातून कापलेल्या फळ्या गेल्या कुठे. पोरं अजून ताडपत्रीखाली बसतात. ठाऊक सगळ्यांना आहे, पण सभेत सगळे मिठाची गुळणी धरून बसतात.

परवा कारभारी कोट अंगावर घालून बघायला दुकानात आले. पोट आत ओढून उभे राहिले आणि मी पाठीला टाचण्या लावत असताना म्हणाले, की तुमच्या भाच्याला आमची मुलगी द्यावी म्हणतो. ताई, माझ्या ओठांत टाचण्या होत्या, तोंड उघडायची सोय नव्हती. त्या काढेपर्यंत हे गृहस्थ एकाच बाहीच्या कोटानिशी रस्त्यावर पोचले आणि समोरच्या चहावाल्याला सोयरीक जमल्याचं सांगूही लागले. संध्याकाळपर्यंत मी त्यांच्या व्याह्यांत जमा झालो. आता जाब विचारायला कोणीच उरलं नाही. (कोट मात्र उत्तम बसलाय.) मला राग आलाय. तेव्हा तू ताबडतोब नकार कळव, म्हणजे मी सुटलो.

तुझा,
धाकटा

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात मुलगीच आली. ताडपत्रीखालच्या शाळेत तीच शिकवते. मुलगा तिने पाहिलाय आणि तिला पसंत आहे. (भाच्याने आपल्याला पत्ता लागू दिला नाही.) तेव्हा नकार कळवू नकोस.

आणखी एक. सभेपर्यंत होकारही कळवू नकोस. जाताना ती म्हणाली, "मामा, फळ्या आमच्या माडीला लागल्यात. तुम्ही सभेत विचारा. बाबा गप्प बसले तर मी उठून सांगेन. त्यानंतरही मी तुमच्या घरात चालणार असेन, तर या मागणी घालायला."

ताई, आपण जायचं.