गडवा माझाच होता

माझी प्रिय लेक जमुना,

तुला आणि शेषरावांना आशीर्वाद. पत्र तुझ्या नावाचं आहे, पण तुला अक्षर येत नाही आणि तुमच्या घरात वाचणारे एकटे शेषरावच, हे मला ठाऊक आहे. म्हणजे माझी सगळी लाज त्यांच्याच तोंडून तुझ्या कानावर पडणार. त्यांच्या नावानं लिहिलं असतं तर कागद न उघडताच चुलीत गेला असता, म्हणून तुझ्या नावानं लिहितोय. शेषराव, मध्येच थांबू नका आणि काही गाळू नका. कुलकर्ण्याकडून लिहवून घेण्यासारखा हा मजकूर नाही. पाटीलकीपुरती जी मोडी येते तीत लिहिलंय. घाईत लिहितोय, अक्षर तसंच लावून घ्या.

सुभद्रामावशी आज दुपारी चांदूर बाजारहून परत आली आणि तिनं तुझा निरोप सांगितला. फरदडीचा, शेवटच्या वेचणीचा कापूस घेऊन शेषराव येत्या बाजाराला अमरावतीस निघणार, वाटेवर चोरांचा सुळसुळाट झालाय म्हणून आपल्यातलेच एक गृहस्थ सोबतीला यायला तयार झालेत, फार मायाळू आहेत, तेव्हा बाबांनी काळजी करू नये. एवढं ऐकून मी ओसरीवर बसलो तो उठलो नाही. तुझी आई दोनदा येऊन बघून गेली. शेजारचा वामनराव घोडीला खोगीर घालून अंगणात उभा आहे, कागद वाळला की तो निघेल. त्या गृहस्थांच्या हातचं शेषरावांनी काही घ्यायच्या आत हे तुमच्याकडे पोचलं पाहिजे. असं का ते आता सांगतो, आणि सगळं सांगितल्याशिवाय तुम्ही माझं ऐकणार नाही हेही मला कळतंय. दारुड्याचं कोण ऐकतं?

होय, होळीला तुला आणायला पाठवलेली गाडी रिकामी परत आली तेव्हा गाडीवानानं खाली मान घालून कारण सांगितलं होतं. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, बाप बाजारात पिऊन नागवा नाचतो, तिथं लेक कशाला पाठवायची. तुझ्या आईनं पुरणाचा घाट घातला होता, ते शेजारी वाटून टाकलं. ती मला एका शब्दानं बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं. लग्न होऊन आली तेव्हापासून या घरात दारूचा थेंब आलेला तिनं पाहिला नाही, तरी तिनंही मानलं. मीच मानू दिलं.

जमुना, मी दारू प्यालो नव्हतो. दूध प्यालो होतो.

पौषातली गोष्ट. सातासमुद्रापलीकडे कुठं लढाई जुंपली आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हापासून आम्ही सगळेच जरा हवेत चालतो. अकोल्यात माल गेला असता, आपल्या बार्शीटाकळीहून ते हाकेवर. पण अमरावतीत भाव चढा, शिवाय शेषरावांच्या गाड्याही तिथं येणार, त्यांना माझं नवं जरीचं पागोटं दिसेल, हाही विचार मनात होता. खोटं कशाला बोलू? कापूस हातोहात गेला. शेषरावांची भेट दुसऱ्या दिवशी सकाळी ठरली होती. दिवेलागणीला मी बाजाराच्या कडेच्या चिंचेखाली बैल बांधायला आलो, तर शेजारच्या गाडीपाशी एक गृहस्थ शेकोटीवर दूध तापवत होते. कपाळाला गंध, गळ्यात माळ, बोलणं इतकं मऊ की आपलाच आवाज आपल्याला रांगडा वाटावा. "पाटील, लय थंडी हाय. दूध तापवून राहिलो, घोटभर घ्या," म्हणाले.

मी लगेच हो म्हटलं नाही. परक्या गावी कोणाच्या हातचं घ्यायचं नाही, हे मला कोणी शिकवायला नको. मी गाव विचारलं. ते म्हणाले, आधी तुमचं सांगा. मी सांगितलं, तर त्यांचं गाव आपल्या बार्शीटाकळीच्या पलीकडचंच निघालं. आडनाव विचारलं, आपल्यातलं. कूळ विचारलं, जुळलं. नाव खुशालराव. माझी खात्री पटली. तरीही मी मागेपुढे पाहतोय असं दिसल्यावर ते स्वतःच म्हणाले, "माह्या भांड्यातलं काहून घ्यावं तुमी? तुमचा गडवा द्या, तुमच्याच गडव्यात देतो." मला तो माणूस इतका रीतीचा वाटला म्हणून सांगू! तुझ्या आईनं राखेनं लख्ख घासलेला माझा गडवा मी आपल्या हातानं त्यांच्या हातात दिला आणि बैलांना कडबा टाकायला गेलो. पाठ फिरवून गेलो. गडवा माझा, हात आपल्या माणसाचा, आता बिघडणार काय, एवढंच माझ्या डोक्यात. जन्मभर मी भांडं कोणाचं आणि हात कोणाचा हेच पाहत आलो. भांड्यात काय आहे ते पाहायचं असतं, हे कधी सुचलंच नाही.

दूध गोड होतं, गूळ भरपूर. मागून कडवट लागलं. मी विचारलं तर म्हणाले, बडीशेप जास्त पडली. आणि तेही त्याच पातेल्यातलं आपल्या भांड्यात ओतून पीतच होते, मग शंका कसली? नको म्हटलं तर अपमान होईल म्हणून मी दुसऱ्यांदाही घेतलं. आम्ही बोलत बसलो. खरं तर मीच बोलत होतो, ते ऐकत होते. इतकं मन लावून माझं कोणी ऐकलं नव्हतं गं. माझं शेत, माझी विहीर, माझी लेक चांदूर बाजारला दिलेली, जावई शेषराव, त्यांच्या किती जोड्या, कोणत्या वेळी माल काढतात, सगळं सांगितलं. फुशारकीच ती. आणखी एक गोष्ट सांगितली. ती शेवटी लिहितो, आत्ता धीर होत नाही.

मग तोंड कोरडं पडलं, कोणी आत कापूस कोंबल्यासारखं. शेकोटी दोन दिसू लागली. पुढचं मला स्वतःला काही आठवत नाही, जे आहे ते दुसऱ्यांकडून ऐकलेलं. सकाळी भर कापूस बाजारात मी हवेतून कापूस वेचत होतो म्हणे. जमिनीवरून वेचत होतो, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या धोतरावरून वेचत होतो, एका अडत्याच्या दाढीतून वेचत होतो. नुसत्या चिमटी, हातात काही नाही. वेचलेलं ओटीत ठेवायचं म्हणून धोतर सोडलं आणि त्याची ओटी केली. लोकांना काय करमणूक झाली असेल. पागोटं कुठं गेलं, कमरेचा पैशांचा कसा कुठं गेला, कोणाला ठाऊक नाही. खुशालराव तर उजाडायच्या आधीच नाहीसे झाले होते.

शेषराव, तुम्ही भेटायला आलात ते नेमके त्याच वेळी. तुम्ही गर्दीतून मला पाहिलंत आणि तोंड फिरवून गेलात, असं मला सांगण्यात आलं. मी तुम्हाला दोष देत नाही. पण मी शुद्धीवर आलो तेव्हा माझ्या कमरेला एक उपरणं गुंडाळलेलं होतं, आणि त्याच्या फाटलेल्या कोपऱ्याला निळ्या दोऱ्याचा टाका होता. तसा टाका माझी जमुनाच घालते, तिच्या आईकडून शिकलेला. तुम्ही ते कधी कोणाला बोलला नाहीत. मीही बोललो नाही. ते धुऊन पेटीच्या तळाशी ठेवलंय आणि पेटी उघडायची वेळ आली की मी दुसऱ्या कामाला लागतो.

मला वाचवलं ते मनकर्णाबाई नावाच्या एका माळणीनं. ती तिथं वांगी विकायला बसते. सगळे हसत असताना ती उठून आली, माझे डोळे पाहिले आणि म्हणाली, "दारू नाही पेला हा. कोनं तरी धोतरा देल्ला याले." तिनं आणि तिच्या दिरानं मला धरून अंधाऱ्या खोलीत बांधून ठेवलं, चिंचेचं पाणी पाजून ओकायला लावलं. दुसऱ्या दिवशी मला माणसं ओळखू येऊ लागली. तिनं एकच गोष्ट सांगितली, ठाण्यावर जाऊन सांगा, नाहीतर तो आणखी कोणाला देईल. मी तिचे पाय धरले. आभार मानायला नव्हे, कोणाला सांगू नकोस म्हणून धरले.

का, ते ऐका. ठाण्यावर पहिला प्रश्न येणार, कोणाच्या हातचं प्यालात? परत येताना मी त्या गावावरून आलो. तिथं खुशालराव नावाचा कोणी नाही, कधी नव्हता. मग तो कोण? कोणत्या जातीचा, कोणत्या घरचा? मी कोणाच्या हातचं दोनदा प्यालो? हे पंचांपुढं गेलं तर माझ्या घरचं पाणी बंद, आणि तुझ्या सासरी तुझ्या हातचं चालेल की नाही याचीही चर्चा. त्यापेक्षा दारुडा म्हणवून घेणं सोपं. दारुड्याला लोक हसतात आणि पंगतीत वाढतात. मी मनाला सांगितलं की हे सगळं जमुनेसाठी करतोय. तू सासरी टोमणे खात होतीस, आणि मी तुझ्यासाठी गप्प होतो म्हणे! पंगतीतली माझी पहिली जागा मला सोडवत नव्हती, एवढंच खरं आहे. माझं तोंड बंद करायचं अवघड काम त्या माणसाला करावं लागलं नाही, ते मीच केलं. त्याला मोकळा रस्ता दिला.

शेतावर सगळं ठीक आहे. विहिरीला पाणी आहे, तांबू गाय व्याली, कालवड झाली. तुझ्या आईला तुझी आठवण येते. हे मधेच लिहितोय कारण पुढचं लिहायला हात धजत नाही, पण वामनराव बाहेरून खाकरतोय.

सुभद्रामावशी जाता जाता उंबऱ्यात थांबली आणि म्हणाली, बिचारी जमुना त्या दिवशी रडली हो. ते गृहस्थ घरी आले तेव्हा त्यांनी तुझ्या माहेरची सगळी नावं घेतली आणि मग तुला विचारलं, "भगवंत काय म्हणते? इलिचपूरच्या शाळेतच हाय ना?" तुला वाटलं, जुनी ओळख आहे पण यांच्यापर्यंत बातमी पोचली नाही. डोळे पुसून तू त्यांना जेवू घातलंस. जमुना, तुझा भाऊ भगवंत देवी येऊन गेला तेव्हा तू परकरात होतीस. त्याला जाऊन इतकी वर्षं झाली की गावातही कोणी त्याचं नाव काढत नाही. त्या संध्याकाळी शेकोटीपाशी त्या माणसानं विचारलं, पोरगं काय करते तुमचं, आणि तो गेला असं माझ्यानं म्हणवलं नाही. मी म्हणालो, भगवंत आता माझ्या डोक्याएवढा झालाय, इलिचपूरला शाळेत आहे, उद्या कचेरीत लागेल. अपमान होईल म्हणून घेतलं असं वर लिहिलंय ते खोटं, बोलताना इतकं बरं वाटलं की दुसऱ्यांदा दूध मीच मागून घेतलं. सबंध वऱ्हाडात भगवंत जिवंत आहे असं मी एकाच माणसाला सांगितलंय. तो आज तुझ्या ओसरीवर बसलाय, आणि तुझं घर त्याला मी दाखवलंय. शेषराव, त्याच्या हातचं काही घेऊ नका, त्याला कळू न देता चार माणसं जमवा आणि ठाण्यावर न्या. मी मागोमाग गाडी जुंपून निघतोय, अमरावतीहून मनकर्णाबाईला घेऊन येतो, जे सांगायचं ते सगळ्यांदेखत मी सांगेन, कोणाच्या हातचं प्यालो तेसुद्धा. पंच काय ठरवायचं ते ठरवोत. निघण्याआधी तुझ्या आईला आत जाऊन सांगायचं आहे, दुधाचंही आणि भगवंताचंही. उपरणं वामनरावाजवळ दिलंय. शेषराव, त्या दिवशी तुम्ही मला झाकलंत, आता हे पत्र चावडीवर मोठ्यानं वाचा.

तुझाच बाप,
चंद्रभान