काळकड्याचा शेरा

खैरपाडा, ३ डिसेंबर १९९९

चि. ललित यास सहादूमामाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही समदे खुशाल हाय. मामी विचारते, डोंगर तपासून तपासून भाचा आणखी वाळला का. काल शहरातून तिघं आले होते, साहसी सहलींचं शिबिर भरवायला. तू सुट्टीच्या दिवशी त्यांच्या कचेरीसाठी डोंगर तपासतोस ना, त्याचा तुझ्या सहीचा अहवाल त्यांच्याकडं हाय. काळकडा दोरानं उतरायला योग्य, असा शेरा हाय त्यात. मी सांगितलं, तिथला दगड ठिसूळ हाय, आमच्या शेळ्या बी तिकडं जात नाय. त्यांनी तुझी सही दाखवली, मग मी मानलं. आपण मिळून चार डोंगर फिरलो, पण काळकड्यावर गेलो नव्हतो. तू मागून एकटा गेलास का? तेवढं कळव.

तुझा मामा, सहादू

सातपूर, १० डिसेंबर १९९९

ती. मामांस, ललितचा शि. सा. न. वि. वि.

होय, मी एकटा जाऊन आलो. वरपर्यंत चढलो, दगड ठोकून पाहिला. काळजी नसावी. शिबिराला तुमच्यासारखा वाटाड्या मिळाला तर फार बरं होईल. कारखान्याच्या पाळीमुळे सध्या येणं जमत नाही. मामीला नमस्कार. माया असू द्यावी.

आपला, ललित

खैरपाडा, १८ जानेवारी २०००

चि. ललित यास आशीर्वाद.

वाईट झालं. शिबिराच्या पोरांना वाट दाखवायला मीच गेलो होतो. काळकड्यावर दोराचा खिळा ठोकलेला दगडच निखळला. देवळाली कॅम्पची भाग्यश्री नावाची कॉलेजातली मुलगी खाली कपारीत पडली. घोंगडीची झोळी करून आम्ही तिला सडकेपर्यंत आणलं. जीव वाचला, पण मांडीचं हाड मोडलं. गावात विचारतात, ठाऊक असून वाट दाखवायला कशाला गेलास? मी म्हणालो, भाच्यानं दगड नीट पाहिला होता, मीच सकाळी परत बघायला पायजे होता. तू मनाला लावून घेऊ नको.

मामा

सातपूर, २५ जानेवारी २०००

ती. मामांस,

नमस्कार लिहायलाही हात धजत नाही. मी काळकड्यावर गेलोच नव्हतो. दुसऱ्या दिवशी अहवाल द्यायचा होता. सडकेवर मोटारसायकल लावली, दुर्बिणीतून कडा पाहिला आणि ‘योग्य’ लिहिलं. तुमचं पत्र आलं तेव्हा शिबिराला महिना होता. खरं कळवलं असतं तर ती मुलगी आज चालत असती. पण तुमच्यासमोर कामचुकार ठरायची लाज वाटली, म्हणून पुन्हा खोटं लिहिलं.

काल दवाखान्यात गेलो. तिच्या वडिलांनी मला बसायला स्टूल दिलं. सगळं सांगून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, की ती जागी व्हायच्या आत निघून जा. कचेरीला लेखी कबुली दिली आहे, बाकीचे चारही डोंगर दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या म्हणून कळवलं आहे. तुम्हांला तोंड कसं दाखवू, कळत नाही.

ललित

खैरपाडा, १ फेब्रुवारी २०००

चि. ललित,

पत्र दोनदा वाचलं. तुझ्या शब्दावर मी त्या पोरांना कड्यावर नेलं, हे मला लय लागलं. माझं डोळं सांगत होतं तरी मी तुझ्या सहीला मानलं, ती चूक माझी हाय. बाकीची तुझी.

रविवारी ये. सकाळी माणसं पारावर बसतात. तिथं तू आपल्या तोंडानं सांग. मी तुझ्या शेजारी बसंन. तुझ्या वतीनं मात्र एक शब्द बोलणार नाय.

सहादू