‘लूम’ म्हणजे आपला माग, नायना

तीर्थरूप नायना,

बापाला नायना म्हणणारं आपलं तेलुगू घर. पण शाळेनं मला मराठी लिहायला शिकवलं, म्हणून मराठीत लिहिते. तुम्हाला तरी कुठं वाचता येत होतं! मीच वाचून दाखवायची. आता ऐकायलाही तुम्ही नाही.

लिहायचं कारण तुमचा माग. तुम्ही तापानं गेलात त्याला महिना झाला. थोरल्या अण्णाला आता घरात जागा हवी आहे. आज तो मागावरचं अर्धं लुगडं कापून माग उखडायला सुताराला बोलावणार होता.

शाळेत बाईंनी ‘एअरलूम’ हा इंग्रजी शब्द शिकवला, तो दिवस आठवतो? धावत घरी येऊन मी म्हटलं होतं, "नायना, वाडवडिलांची घरासोबत वारसाला मिळते ती वस्तू. ‘एअर’ म्हणजे वारस आणि ‘लूम’ म्हणजे आपला माग!" हातात आडवा धागा फेकायचा धोटा तसाच धरून तुम्ही किती हसलात! "इंग्रजाच्या घरीबी मागच हुता की गं!"

दुसऱ्या दिवशी बाईंनी समजावलं, फार जुन्या काळी ते लोक कुठल्याही हत्याराला ‘लूम’ म्हणत. कुदळ, कढईसुद्धा. मागाला ते नाव मागाहून चिकटलं. तुम्हाला तेही आवडलं. "ज्याच्याकडं माग न्हाय, त्यानंबी काय तरी ठिवून जावं की."

मग मला विणायला मागाच्या खड्ड्यात का उतरू दिलं नाहीत? शाळेत धाडलंत, धाग्याच्या कांड्या भरायला बसवलंत, पण मागावर बसायचं ते अण्णानं. तो तर भोंगा झाला की गिरणीत पळतो! वारस तो, आणि त्यालाच माग नको. मला त्याचा राग येतो. तुमचाही येतो, नायना.

आजोबा गेले तेव्हा त्यांचं राहिलेलं कापड तुम्ही रडत रडत पुरं केलंत. गेलेल्या माणसाचं कापड अर्ध्यावर कापू नये, ही आपल्या घरची रीत. म्हणून अण्णा कात्री घेऊन आला तेव्हा मी आडवी आले.

"मंग इणणार कोन? मला येळ न्हाय."

"मी."

"तुला कुटं येतंय?"

तुम्ही गेल्यापासून भिंतीशी गप्प बसलेली अम्मा तेव्हा बोलली, "न्हाय येत तर शिकंल की. उतरू दे तिला."

अण्णानं कात्री ठेवली. पदर पुरा होईस्तोवर थांबतो म्हणाला.

मी उतरले. खड्ड्यातल्या दाबायच्या पावड्यांवर तुमच्या पायांनी गुळगुळीत केलेली जागा आहे, माझे पाय तिथं नीट पोचत नाहीत. धागे तुटतात. तुमची वीण कुठं संपली आणि माझी कुठं सुरू झाली, ते लांबूनही कळतं. रडू आलं की तोंड फिरवते, धागे भिजायला नकोत.

पदर संपला की सुतार येईल आणि माग जाईल. ते मला अडवता येणार नाही. धोटा मात्र मागून घेतलाय. जुन्या अर्थानं तोही ‘लूम’च, नाही का?

पदर मी पुरा करीन, नायना, हा माझा शब्द. पण घाई करणार नाही.

तुमची,
नरसू