पाठराखीण परत आली

कोल्हापूर, रविवार, ३ मे १९९८

संध्याकाळी रिक्षा दारात थांबली आणि कोडोलीची आमची आत्या उतरली. परत आली. नुसतं लिहूनही बरं वाटतंय.

काल माझ्या लेकीच्या, सुमनच्या पाठवणीला माझी पुतणी पाठराखीण म्हणून गाडीत चढायला लागली, तर आत्या तिचा हात सोडेना. आमच्यात नवरीसोबत मुलगी धाडत नाहीत, एवढंच ऐकून होतो. का, ते मी कधी विचारलंच नाही. आणि म्हणे मी बातमीदार!

"माझ्या पणजीची आज्जी अशीच गेलती," आत्या म्हणाली. "इनामदाराच्या लेकीबरोबर, भांड्यांसंगं आंदण दिलती. बटीक म्हणायचे. ती परत आली न्हाय. तिची लेक बी मालकानं आपल्या पोरीसंगं धाडली. पणजी पळाली, म्हणून आपण सुटलो."

व्याही घड्याळ बघायला लागले. आता काय करावं?

सुमन डोळे पुसत म्हणाली, "मग आज्जी, तूच चल की!"

आत्या चपला शोधायला लागली. "येते. पण उद्या परत येणार हाय, पावण्यांस्नी सांगून ठेवा."

आणि आली परत! विहीणबाईंनी दिलेलं हिरवं लुगडं नेसून आता बशीत चहा ओतून पितेय. "कसं झालं?" विचारलं.

"दुपारी म्हटलं, मी जाते. त्यांनी रिक्षा बोलावली," ती म्हणाली. "एवढंच की."