लग्न काही आजार नाही

१२ ऑगस्ट १९७८
ह्यायचं पत्र आलं. भोपाळले खोली पाहून ठेवली, घरमालक डिपॉझिट मागून राहिला. लिहितात, "तुझा प्रॉव्हिडंट फंड निघाला की ये." लग्न होऊन तिसरा महिना, अन् माझा नवरा अजून पाकिटातच! सोमवारी राजीनामा. कारखान्याच्या लॅबमधले मँगनीजचे नमुने आता दुसरं कोणी तपासो.

१४ ऑगस्ट
हिशेबनीस गभणे बाबूंनी पार पाणी फिरवलं. लग्नापायी नोकरी सोडणाऱ्या बाईले फंड लवकर मिळतो, म्हणून आम्ही दोघं खूश. कराचं वेगळं असते हे कोणाच्या डोक्यात? सलग पाच वर्षं व्हायच्या आधी फंड काढला तर इन्कम टॅक्स कापते. माझी पाच वर्षं पुढल्या जूनमध्ये भरतात.
म्हटलं, "काहीच सूट नाही काय?"
"आहे ना. तब्येतीपायी नोकरी सुटली तर. लग्न काही आजार नाही, बाई."
मले विचारा म्हणा! घास उतरत नाही, झोप नाही.

२ सप्टेंबर
ह्यायचं उत्तर. जूनपर्यंत थांब, टॅक्स गेला तर डिपॉझिट पुरत नाही. बरोबर आहे. बरोबर आहे म्हणून जास्तच राग येते. "आठवण येते" एवढं एकच वाक्य, तेही पार खाली, सहीच्या वर कोंबलेलं. तेवढंच चारदा वाचलं, मेलं.

१० सप्टेंबर
लॅबमधली कुंदा म्हणे, डॉक्टरकडून अशक्तपणाचं सर्टिफिकेट घे, टॅक्स वाचते. घरी बोलली तर बाबा भडकले. "नव्या नवरीनं सोतालेच रोगी म्हणून लिहून घ्यावं काय? सासरी काय तोंड दाखवू?"
नाही गेली. मनात मात्र दोनदा जाऊन आली.

२१ जानेवारी १९७९
हे दोन दिवस येऊन गेले. घरभर पाहुणे, धड बोलणं नाही. वरठी स्टेशनवर मी म्हटलं, "टॅक्स सरकारले जाईल. हे महिने कोणाले गेले?"
हसले. "पागल आहेस. आता राहिलेच किती?"
मले हसू आलं नाही. गाडी गेल्यावर बाकावर बसून रडली. हमाल पाहून राहिला होता, पाहू दे.

२५ जानेवारी
राजीनामा दिला. गभणे बाबूंनी कपाळाले हात लावला. "बाई, एवढं थांबलात अन् आता? जून काय दूर आहे?"
"मले दूर आहे," म्हटलं. "कापा टॅक्स."
बाबा बोलत नाहीत. भोपाळले हे अजून मित्रांसोबतच एका खोलीत राहतात, मी कुठं राहीन देव जाणे.
ह्यायले कळवलं नाही. पैशावरून रागावले तर ऐकून घेईन, त्याचं काही नाही. दारात मले पाहून पहिला शब्द "कशाले आली?" असा निघाला तर...