बायकांच्या प्रदर्शनातला माझा सूर्योदय

२ नोव्हेंबर, सकाळ
उद्यापासून रोज एक चित्र. ठरलं म्हणजे ठरलं.
आज नाही, कारण आज डोकं उठलंय. हिचं आणि आणखी चार बायकांचं चित्रप्रदर्शन भरतंय म्हणे, शनिवारी. म्होरकी ती दातांची डॉक्टरीण. दात उपटायचे सोडून ही ब्रश धरणार! घरात निवृत्त ड्रॉइंग मास्तर बसलाय आणि आमची ही सल्ला विचारते डॉक्टरणीला. काखेत कळसा, गावाला वळसा.

४ नोव्हेंबर
उद्घाटनाला मलाच बोलावणार. दुसरं आहे कोण? भाषण लिहायला घेतलं. ‘स्त्रियांनी छंद जरूर जोपासावेत, पण’ इथपर्यंत झकास झालंय. चित्राचं उद्यापासून.

५ नोव्हेंबर, दुपार
ही बाहेर गेलीय. तिचं मोठं चित्र बघून घेतलं. हसावं की रडावं! खुर्चीत कुणीतरी ढेरपोट्या घोरतोय, तोंड उघडं, चष्मा कपाळावर. असलं पोट असतं का माणसाला? मागे इझल, आणि त्यावरचा कॅनव्हास चक्क कोरा. म्हणजे चित्र अर्धवट टाकून बाईसाहेब हिंडायला मोकळ्या.
हसं तिचं झालं तरी नाव माझंच जाणार. ब्रश घेतला. पोट निम्म्यावर आणलं, तोंड मिटवलं, कोऱ्या कॅनव्हासवर फक्कड सूर्योदय भरला. किती दिवसांनी हात चालला! मजा आली, खोटं कशाला बोलू? तिला सांगणार नाही. कळेलच.

६ नोव्हेंबर
ही दिवसभर खोलीचं दार लावून बसली. खोलीतून नुसता टर्पेंटाइनचा वास. भारावली असणार.

८ नोव्हेंबर, सकाळ
कालचं लिहून टाकतो. भाषण खिशातच राहिलं. डॉक्टरीणबाईंनी सरबताचा ट्रे माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, सर, जरा फिरवता का? सर म्हणाल्या म्हणून फिरवला.
फिरवत फिरवत हिच्या चित्रापाशी आलो. सगळी गर्दी तिथेच. पोट पुन्हा होतं तेवढं. तोंड उघडं. कॅनव्हास कोरा. माझा सूर्योदय साफ पुसलेला! लोक चित्राकडे बघायचे, मग माझ्याकडे, मग ग्लास उचलून खोकायचे. चष्मा माझ्या कपाळावर होता. खाली चित्राचं नाव: ‘उद्यापासून’.
अंगाचा तिळपापड झाला. घरी येताना हिला सुनावलं, की हा सूड आहे. ही म्हणाली, सूड कसला, तुमच्या समोर बसून काढलंय, तुम्हालाच जाग आली नाही. आणि तो सूर्योदय पुसताना वाईट वाटलं, म्हणाली, चांगला उतरला होता, स्वतःच्या कॅनव्हासवर काढायचात ना.
चष्मा कपाळावरून काढला आणि खिशात ठेवला, भाषणाच्या कागदाशेजारी.

८ नोव्हेंबर, संध्याकाळ
उद्यापासून नाही, आजपासून! त्या पाचही जणींना दाखवून देतो, असं जेवतानाच जाहीर केलं होतं. इझलवरची धूळ झटकली. रंग काढले. सूर्य कुठे घ्यायचा याचा विचार करायला खुर्चीत जरा टेकलो.
जाग आली तेव्हा समोर ही. मांडीवर वही, हातात पेन्सिल. हलू नका, म्हणाली.
हललो नाही.