न फिरलेली मूठ

आबा, गिऱ्हाइकाचा हात तुम्ही किती हळुवार हातात घ्यायचात, ते आठवलं की माझं डोकं अजून फिरतं. पंचवटीतल्या आपल्या घराची पडवी हेच तुमचं दुकान. तांबट यायचे, चांभार यायचे, गंगापूरच्या बाजूचे माळी यायचे; कोणाची हातोडी, कोणाची रापी, कोणाचं खुरपं. तुम्ही आधी त्यांच्या तळहातावरचे घट्टे अंगठ्याने चाचपायचात, मग गोदेच्या गाळाचा ओला गोळा मुठीत दाबायला द्यायचात. त्यावर उमटलेल्या बोटांबरहुकूम बाभळीची मूठ घडायची. गिऱ्हाईक हत्यार चालवून बघायचं आणि तुम्ही एकच विचारायचात, "फिरली का?" हातात फिरते ती मूठच नव्हे, असं तुमचं म्हणणं. साऱ्या गावात तुमच्या मुठींचं नाव होतं. तोच हात घरात आला की आईच्या पाठीत बुक्क्या बसायच्या.

एकदा कालवणात मीठ जास्त पडलं, एवढंच निमित्त. तुम्ही लाकडी मोगरी तिच्या उजव्या हातावर घातलीत. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकडं जुळलं, ते कायमचं. पुढे ती माळ्याच्या वाफ्यात खुरपायला जाऊ लागली आणि खुरपं हातातून निसटू लागलं, तेव्हा एका सकाळी तुम्ही तिच्यापुढे मातीचा गोळा धरलात. "दाब," म्हणालात. ती दाबते. तुम्ही त्या ठशाकडे बघत बसता आणि लोकांची कामं बाजूला सारून तिची मूठ घडवायला घेता. दोन वाकड्या बोटांसाठी तुम्ही मुठीत खोलगट जागा कोरलीत. "फिरली का?" "नाय," आई म्हणाली, आणि हसली. तुमच्या मारापेक्षा मला तिच्या त्या हसण्याचा जास्त संताप आला. ज्याने हात मोडला त्यानेच त्या हाताचं माप घ्यावं, आणि हिने खूश व्हावं.

माझं लग्न ठरत आलं होतं, त्या उन्हाळ्यातली दुपार. भाकरी जाड झाली म्हणून तुम्ही ताट भिरकावलंत. माझ्या तोंडून गेलं, "तिची बोटं कोणी मोडली?" तुम्ही मला वेणीला धरून पडवीत फरफटत नेता, माझा हात ठोकळ्यावर दाबून धरता, मोगरी उचलता. "हिचाबी हात आईसारखा करतो." आईने कोपऱ्यातलं आपलं खुरपं उचललं. पहिला वार तुमच्या मनगटाच्या वर बसला, दुसराही तिथेच. मोगरी पडली. आतलं पांढरं हाड मला दिसलं. रक्त लाकडाच्या भुशात पडून त्याचे गोळे होत होते. तुम्ही मटकन खाली बसलात. आई पुन्हा हात उगारून उभी, आणि या वेळी तिचा रोख तुमच्या मानेवर होता. तुम्ही तिच्या तोंडाकडे पाहिलं नाहीत, तिच्या हाताकडे पाहिलंत.

"फिरली का?"

"नाय," ती म्हणाली. "जागची हालली नाय." मग तिचा हात खाली आला.

आरडाओरडा ऐकून शेजाऱ्यांनी हवालदाराला आणलं. आई तुरुंगात जाणार, हे मला दिसत होतं. तुम्ही म्हणालात, "माझंच काम कच्चं. चालवून बघताना पातं मुठीतनं निसटलं." हवालदाराने खुरपं उचललं, मूठ आवळून धरली आणि पात्याला हिसका दिला. पुन्हा दिला. पातं तसूभर हललं नाही. तो तुमच्याकडे बघत राहिला. "ढिलीच हाय ती, सायेब," तुम्ही म्हणालात. तो खुरपं खाली ठेवून निघून गेला. तुमच्या मुठीतून पाती निसटतात, हे मात्र गावभर झालं. गिऱ्हाईक तुटलं. तुमचा हात पुन्हा कधी मिटला नाही, त्यामुळे नवी मूठ घडवून ते खोटं पाडणंही तुम्हाला जमलं नाही.

हे ऐकून कोणी म्हणेल, बघा, शेवटी बायकोला वाचवलंच की. मी नाही म्हणत. तिच्यासाठी तुम्ही स्वतःचं नाव घालवलंत, हे खरं. पण तिची बोटं त्याने सरळ झाली नाहीत. मी तुम्हाला माफ केलेलं नाही आणि आता या वयात करायचीही नाही.

आईही जाऊन खूप वर्षं झाली. खुरपं माझ्याकडे आहे. पातं झिजून निम्मं झालं, मूठ तशीच. माझी बोटं धड असल्यामुळे ती मला टोचते. सुनेने बाजारातून नवं खुरपं आणून दिलंय, ते कोनाड्यात पडून आहे. हा कागद मी संध्याकाळी चुलीत घालणार आहे, तेव्हा सांगून टाकते. आज सकाळी मेथीचा वाफा खुरपताना, कोणी बघत नाही असं बघून, मी माझी दोन बोटं वाकडी करून त्या खोलगट जागेत बसवली. फिरली नाही, आबा.